डाव्या हाताचा पाट

मी खवणीचा पाट. बसायचं असेल तर बसा, पण बेतानं. पुढे माझ्या तोंडाला दात आहेत आणि ते मालकिणीखेरीज कुणाची भीड ठेवत नाहीत.

पाल्हाळ लावायची मला सवय नाही. लांबी हातभर, रुंदी वीतभर, लाकूड फणसाचं. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत, त्यामुळे जमिनीपासून चार बोटं उंच राहतो. पुढच्या टोकाला लोखंडी मान आणि मानेच्या शेंड्याला गोल पातं, सतरा दातांचं. माणूस माझ्यावर बसतो, नारळाची वाटी दातांवर धरून फिरवतो, खालच्या ताटात खोबरं पडतं. त्या खोबऱ्याचं दूध निघतं. एवढंच माझं काम. बेचाळीस वर्षं तेवढंच केलं. एकच काम करणाऱ्याला लोक साधा समजतात. समजू देत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी चुकीचा बनलेला आहे. उजव्या हाताच्या बाईसाठी करायला घेतला आणि डाव्या हाताचा झालो. ज्यानं ही चूक केली त्याला ती बेचाळीस वर्षं ठाऊक नव्हती. जिच्यासाठी केली तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आता ऐका.

माझा सुतार तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. शाळा दुसरीत सुटलेली. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली दहा वर्षं रंधा मारत होता. स्वतंत्र काम मागितलं की मिस्त्री म्हणायचा, "तुझा हात बरा आहे. डोळा नाही. हाताखालीच राहा." हे बोलणं त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती उंचीनं ठेंगणी आणि अंगानं गोल. तो तिला ठमी म्हणायचा. तो मिस्त्रीला म्हणाला, "तिला खवणीचा पाट करून देतो. तिच्या अंगाच्या मापाचा. तुम्ही स्वतः येऊन बघा. नाही जमला तर हत्यारं तुमच्या पायाशी ठेवतो आणि उद्यापासून हमाली धरतो."

मिस्त्री म्हणाला, "बघू."

मी तेव्हा नुसती फळी होतो. सुतारानं बहिणीला जमिनीवर बसवलं, तिच्या हातात रिकामी करवंटी दिली आणि म्हणाला, "खवल्यासारखं कर." स्वतः मला मांडीवर घेऊन तिच्या समोर बसला. तिनं करवंटी उजव्या हातानं दाबली, डाव्यानं नुसती आवरली. तो बघत होता आणि पेन्सिलीनं माझ्यावर खुणा करत होता. मान कुठे, तिचा कल किती, मांडी टेकायची खोलगट जागा कुठे. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. तिचा उजवा त्याच्या डावीकडे आला. त्यानं डावीकडे खूण केली. सगळी मापं बरोबर घेतली, दोऱ्याचाही फरक नाही. फक्त सगळी आरशातली.

पातं करायला लोहाराकडे गेलो. लोहारानं खूण बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "अरे, पण ही बाजू..."

"मापात बोलायचं काम नाही," सुतार म्हणाला. "खुणेप्रमाणे कर."

लोहारानं खुणेप्रमाणे केलं. दुसऱ्याच्या गर्वात कोण कशाला हात घालेल?

लग्नाच्या आधी दोन दिवस मिस्त्री खरंच आला. ओसरीवर घरातली माणसं जमली. मला मधोमध ठेवलं. सुतारानं अंगात धुतलेला सदरा घातला होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ठमी येऊन माझ्यावर बसली. नारळाची वाटी उजव्या हातानं धरली, पात्यावर टेकवली आणि दाबली. मनगट अडकलं.

सगळे मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होते, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली. तिच्या अंगाचा भार माझ्यावर होता आणि तो भार क्षणभर थांबला. उजवा हात वापरायचा तर माझी मान दुसरीकडे कललेली हवी होती. तिनं मान वर केली नाही. भावाकडे बघितलं नाही. वाटी डाव्या हातात घेतली आणि खवायला लागली.

जन्मात तिनं डाव्या हातानं कधी खोबरं खवलं नव्हतं. पहिल्याच फेरीला आंगठा कापला. तो तिनं पदरात गुंडाळला आणि तसंच चालू ठेवलं. हळूहळू खवत होती, पण ताटात पांढरंशुभ्र पडत होतं. अर्धी वाटी झाल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "काय पोरी, कसा आहे पाट?"

"अगदी मापाचा," ती म्हणाली.

मिस्त्रीनं बराच वेळ मला उलटंसुलटं करून बघितलं. सांधे दाबून पाहिले. ती डावखुरी नाही हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मग तो सुताराला म्हणाला, "उद्यापासून तुझं तू काम घे."

सुतार लहान पोरासारखा हसला. त्यानंतर मी त्याला तसं हसताना बघितलं नाही. त्या हसण्याखाली बहिणीचा कापलेला आंगठा होता, हे तिच्याशिवाय एकट्या मला ठाऊक.

मी तिच्याबरोबर तिच्या घरी आलो. तेव्हापासून ती माझी मालकीण.

तिचा नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. दिवसभर उलटी अक्षरं बघणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात तो चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, तू डावखुरी कधी झालीस?"

"खोबऱ्यापुरती."

त्यानं खाली वाकून माझ्याकडे बघितलं. "हा पाट आरशातला आहे."

"असू दे. दादाला कळता कामा नये. शपथ घ्या."

"मला काय करायचंय? दूध मिळाल्याशी कारण," तो म्हणाला, आणि मरेपर्यंत कुणाजवळ बोलला नाही. चांगला माणूस. पहिलं दूध पातेल्यात निघालं की वाटीभर चोरून प्यायचा, एवढी एकच खोड.

आता मालकिणीचं काम सांगतो. हल्ली दूध काढायला सगळे घाई करतात. ती करत नसे.

नारळ आधी कानाशी नेऊन हलवायची. आत पाणी वाजलं पाहिजे. मग तो तळहातावर घेऊन कोयत्याच्या पाठीनं मधोमध एक टोला. थोडा फिरवायचा, दुसरा टोला. पाचव्या-सहाव्याला चीर जायची आणि नारळाचे दोन सारखे भाग व्हायचे, तुकडे नाहीत. पाणी वाटीत धरून आधी स्वतः चाखायची. आंबूस लागलं तर नारळ बाजूला. घरात कितीही खोळंबा असो, आंबूस नारळ तिनं कधी खवला नाही.

मग माझ्यावर बसायची. कडेपासून सुरुवात, आणि हळूहळू तळाकडे. खोबऱ्याच्या पाठीला तपकिरी साल असते. दात तिथवर गेले की ती साल खाली उतरते, दूध करडं होतं आणि घशाला तुरट लागतं. म्हणून साल लागायच्या आधी थांबायचं. किती आधी, ते सांगता येत नाही. हाताला कळावं लागतं. मी दातांनी सांगायचो, ती हातानं ऐकायची. तिच्या करवंटीत खोबऱ्याचा एक पातळ पांढरा थर राहायचा, सगळीकडे सारखा. करवंटी उजेडाकडे धरून बघितली तरी कुठे खाच दिसायची नाही.

पुढे कोमट पाणी. त्यात बोट बुडवून तीनपर्यंत मोजता आलं पाहिजे. जास्त कढत असलं तर तेल सुटतं, गार असलं तर खोबरं काही देत नाही. पाणी घालून खोबरं हातानं चुरायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवायचं. मग पातळ सुती फडक्यात घेऊन पिळायचं. पहिलं दूध दाट निघतं, ते वेगळं ठेवायचं. पुन्हा पाणी घालून दुसरं काढायचं, मग तिसरं. तिसरं नुसतं धुवणासारखं. त्यात ती भात शिजवायची, दुसऱ्यात कालवण. पहिलं दूध सगळ्यांत शेवटी, आच बंद केल्यावर. ते उकळीत पडलं की फुटतं. ती पिळायला लागली की फडक्यात राहिलेला चोथा असा कोरडा व्हायचा की मुंग्यासुद्धा त्याच्या वाटेला जात नसत.

आणि हे सगळं डाव्या हातानं. सुरुवातीचे सहा महिने रोज कुठे ना कुठे कापायचं. दिवसभराचं काम उरकलं की ती करवंटी घेऊन बसायची आणि नुसता हात फिरवून बघायची. वर्षभरात हात बसला. दोन वर्षांत तर शेजारच्या बायका बघायला यायला लागल्या. तिची सासू म्हणायची, "डावा हात काय फिरतो हिचा!" मालकीण पुढची वाटी उचलायची. मी पुष्कळ माणसं बघितली आहेत. चूक दुसऱ्याची, शिक्षा स्वतः घेतलेली, आणि त्या शिक्षेचं कसब करून दाखवलेलं, अशी हीच एक.

सुताराचं नाव झालं. दारं, खिडक्या, पलंग, दुकानांची फडताळं. हाताखाली चार माणसं. वर्षातून दोनदा बहिणीकडे यायचा. आला की आधी मला पायानं हलवून बघायचा आणि विचारायचा, "काय म्हणतो पाट?"

"काय म्हणणार? खोबरं खातो," मालकीण म्हणायची आणि त्याच्या देखत डाव्या हातानं एक नारळ खवून दाखवायची.

तो समाधानानं मान हलवायचा. ती डाव्या हातानं खवते आहे, हे त्याला कधी दिसलं नाही असं नाही. दिसायचं. पण स्वतःच्या मापाबद्दल त्याला शंका यायची नाही. खवायला ठमी डावखुरी असेल, असं त्यानं धरलं असावं. माणूस स्वतःची चूक शोधायच्या आधी दुसऱ्याचा हात बदलून टाकतो.

घरधनी गेला. मुलाचं लग्न झालं, सून आली. सूनबाई दवाखान्यात खिडकीपाशी बसून रोग्यांची नावं लिहून घेते. कामाची आहे, पण बोलायला भीत नाही. तिनं मिक्सर आणला. मिक्सरशी माझं भांडण नाही. तो खवलेलं खोबरं वाटतो, दूध जरा जास्त निघतं. आवाज फार करतो, पण तरण्या माणसांचं तसंच असतं. खवायचं काम माझ्याकडेच राहिलं.

गेल्या वर्षी मालकीण न्हाणीघरात घसरली. डावं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

त्याच आठवड्यात सुतार आला. दोनदा यायचा तसा नाही, राहायला. बोटं थरथरायला लागली होती. करवत सरळ धरता येईना, म्हणून कारखाना बंद केला होता. बायको आधीच गेलेली. हत्यारांची कॅनव्हासची पिशवी तेवढी बरोबर आणली होती. ती त्यानं उघडली नाही, पलंगाखाली सरकवून दिली. दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. भिंतीशी मी उभा असायचो. आला-गेला दिसला की मला बोट दाखवायचा.

"माझं पहिलं काम. बेचाळीस वर्षं झाली. एक सांधा हलला नाही."

गॅसवाल्यालाही सांगितलं. गॅसवाला म्हणाला, "वा!" आणि सही घेऊन गेला. म्हाताऱ्याजवळ आता दाखवायला तेवढंच उरलं होतं.

आणि सूनबाई माझ्यावर बसायला लागली.

ती उजव्या हाताची. मनगट वळायचं, वाटी निसटायची, दात तपकिरी सालीत घुसायचे. दूध करडं निघायचं. मी माझ्या परीनं सांभाळून घेतलं, पण लोखंडाची मान कितीशी वळणार?

"खवतेस का भांडतेस त्याच्याशी?" सुतार खुर्चीवरून म्हणायचा.

"मामा, मनगट दुखतंय माझं."

"पाट मापाचा आहे. हात वाकडे असतील तर पाटानं काय करायचं? ठमी एका बैठकीत दहा नारळ खवायची."

"मी दवाखान्यात एका बैठकीत दोनशे नावं लिहिते. त्यांना म्हणावं लिहून दाखवा," सूनबाई हळूच म्हणाली. त्यानं ऐकलं नाही हे बरं झालं. त्याला नाव सहीपुरतं लिहिता यायचं.

तिसऱ्या दिवशी तिचाही आंगठा कापला. सुतार आत पडायला गेला होता. तिनं आंगठा नळाखाली धरला आणि मालकिणीला विचारलं, "आई, तुम्ही भाजी उजव्या हातानं चिरता. केस उजव्या हातानं विंचरता. मला रागावताना बोटसुद्धा उजवंच नाचवता. मग खोबरंच डाव्या हातानं का?"

"सवय."

"सवय का पाट?"

मालकिणीनं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. सूनबाई माझ्यासमोर उकिडवी बसून ऐकत होती. शेवटी मालकीण म्हणाली, "दादाजवळ बोलायचं नाही. काम गेलं, कारखाना गेला. आता हे कळलं तर खचेल तो."

"आणि मी वाकड्या हातांची ठरू?"

"चार दिवस सोस."

"आई, तुमच्या भावाला राग येऊ नये म्हणून तुम्ही जन्मभर डाव्या हातानं खवलंत. ते तुमचं. मी काय म्हणून सोसायचं?"

मालकिणीनं हळदीचा डबा तिच्यापुढे सरकवला. एवढ्या वर्षांत मला तिचं वागणं पहिल्यांदा पटलं नाही. सूनबाई म्हणत होती ते खरं होतं. पण खरं बोललं की म्हातारा मोडणार होता, आणि तो मोडला तर मी कुणाची शान म्हणून भिंतीशी उभा राहणार होतो? मीही भ्यालो. लपवत नाही.

पुढच्या रविवारी सूनबाई मुकाट्यानं नारळ घेऊन बसली. दोन फेऱ्या झाल्या असतील.

"अगं, पाट बिघडवशील!" सुतार म्हणाला. "आजकालच्या पोरींना हातच नाहीत."

सूनबाईनं वाटी खाली ठेवली. मालकिणीकडे बघितलं. मालकीण ओट्याशी उभी होती. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला. तिनं गॅस बंद केला.

"दादा, तिला बोलू नको. तू बस."

"कुठे?"

"पाटावर. सगळ्या जगाला दाखवतोस. एकदा स्वतः बसून खवून बघ."

"मी?" तो हसला. "मी काय आता..."

"बस म्हणते ना."

तिचा आवाज मोठा नव्हता. तरी तो उठला. कितीतरी पाट केले असतील त्यानं, पण कुठल्याच पाटावर बसून खोबरं खवलं नव्हतं. तो गुडघे धरत धरत माझ्यावर बसला. जड माणूस. वाटी उजव्या हातात घेतली, पात्यावर टेकवली आणि दाबली.

मनगट अडकलं.

त्यानं बैठक बदलून पुन्हा दाबली. पुन्हा अडकलं. मग वाटी खाली ठेवली आणि आंगठा माझ्या मानेवरून फिरवला, वरपासून खाली. खोलगट जागा चाचपली. त्याची बोटं थरथरत होती, पण लाकडाला लागली की अजून स्थिर होत होती.

"सूनबाई," तो म्हणाला, "जरा समोर बस. वाटी धर. खवल्यासारखं कर."

ती समोर बसली आणि उजव्या हातानं करून दाखवलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"मी समोर बसलो होतो," सुतार म्हणाला.

"हो," मालकीण म्हणाली.

"तू उजव्यानं दाखवलंस."

"हो."

"आणि मिस्त्रीसमोर डाव्यानं..."

"हो."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू हमाली धरणार होतास."

"मग नंतर? दहा वर्षांनी? वीस वर्षांनी?"

"तोवर हात बसला होता. सांगून काय, परत उजवा शिकू?"

तो खाली बघून म्हणाला, "म्हणजे मिस्त्री बरोबर होता. मला डोळा नव्हता. सगळं आयुष्य खोट्यावर उभं केलं मी."

"त्या दिवशी नव्हता डोळा. पुढे आला," ती म्हणाली. "हे दार तूच केलंस ना? नीट लागतं. त्या खिडक्या? पावसाचा थेंब येत नाही. मी काय त्यांनाही डाव्या हातानं लावते?"

सूनबाईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. सुतार हसला नाही. तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि पलंगाखालची पिशवी ओढून आणली. आल्यापासून पहिल्यांदा तिचा बंद सोडला. पाना काढला. मला उताणं केलं आणि मानेच्या नटाला पाना लावला.

मला वाटलं, संपलं. मान उलटी बसवली की मी बरोबर होणार. बरोबर होणं म्हणजे मरण वाटावं, असं मला त्या दिवशी झालं.

मालकीण वाकली आणि प्लास्टरचा हात माझ्यावर ठेवला. "हात लावायचा नाही."

"चूक माझी आहे. मी सुधारणार."

"चूक तुझी होती. पाट माझा आहे. माझा हात ह्या मानेवर घडलाय. उद्या प्लास्टर निघेल तेव्हा मी कशावर बसू?"

"तुझ्या उजव्या हातासाठी..."

"मी मागितलंय का?"

तो पाना धरून बसून राहिला. पाना नटावर टकटक वाजत होता. ज्या माणसानं लोहाराला एक शब्द बोलू दिला नाही, तो बहिणीला म्हणाला, "मग मी काय करू, ठमे?"

"वाटी अर्धी राहिलीय. ती पुरी कर."

"कोणत्या हातानं?"

"डाव्या, मामा," सूनबाई म्हणाली. "पाट मापाचा आहे."

सुतारानं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता भडकेल. तो म्हणाला, "तुझे हात सरळ आहेत. म्हाताऱ्याची जीभ वाकडी." मग मला सरळ केलं आणि डावी बाही वर सारली.

अर्ध्या वाटीला त्याला पाऊण तास लागला. मालकीण वर उभी राहून सांगत होती. "दाबू नको, फिरव. कडेनं. थांब. थांब म्हटलं ना!" तो थांबायचा तोवर दात सालीत गेलेले असायचे. ताटात पांढऱ्यापेक्षा तपकिरी जास्त. सूनबाईनं कोमट पाणी दिलं, तेही त्याला बोट घालून मोजायला लावलं. त्यानं स्वतः चुरलं, स्वतः पिळलं. दूध वाटीत पडलं, करडं, राखेच्या पाण्यासारखं.

त्यानं वाटी बहिणीपुढे धरली. दोन्ही हातांनी, तरी हिंदकळत होती.

मालकिणीनं एक घोट घेतला. तोंडात घोळवला. भावाच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं ह्या बाईनं त्याला एकदाही दुखवलं नव्हतं.

"तुरट झालंय, दादा. सगळं टाकून द्यावं लागेल."

मी त्याच्याकडे बघत होतो. सूनबाईही. त्यानं वाटीत बघितलं. मग ती मोरीत ओतली, विसळली आणि पालथी घातली.

"दुसरा नारळ कुठे आहे?" त्यानं विचारलं.

ह्या गोष्टीला आता पाच महिने झाले.

प्लास्टर निघालं, पण मनगट अजून आखडलेलं आहे. डॉक्टरांनी जोर द्यायला मनाई केली आहे. मालकीण रोज सकाळी थोडा वेळ माझ्यावर बसते, रिकामी करवंटी पात्यावर धरते आणि हात फिरवून बघते. परत येईल तिचा हात. मला खात्री आहे. नाही आला तरी हा पाट तिचाच राहील.

सुतार गेला नाही. सूनबाईसाठी एक नवीन पाट करतो आहे. माप घेताना तिच्या शेजारी बसला, समोर नाही. दोन दिवसांचं काम त्याला दोन महिने पुरलं आहे. ती रोज बसून बघते आणि सांगते, "मामा, मान जरा वर." तो चडफडतो, पण मान वर करतो. नवीन पाट सागाचा आहे. गोरा, गुळगुळीत, थोडा शिष्ट. शिकेल.

तोवर दूध रोज सुतारच काढतो. कुणी सांगितलं नाही. आता आठातले पाच नारळ पांढरे उतरतात.

माझ्याबद्दल फार काही मागायचं नाही. मला ओलं ठेवू नका, पातं पुसून ठेवा, आणि पोरांना माझ्यावर घोडा घोडा खेळू देऊ नका. तुमच्या घरात असा एखादा पाट असेल आणि कुणाचा हात त्याच्यावर वेगळाच चालत असेल, तर हसायच्या आधी विचारा.

पुरे झालं. ओट्यावर नारळ फुटल्याचा आवाज आला. मालकिणीनं पाणी चाखून मान हलवली, म्हणजे गोड आहे. सूनबाईनं ताट सरकवलं. म्हातारा गुडघे धरत येतोय. बाही वर केली त्यानं. डावी.